गाडी कोण चालवत होतं

ता. ४ मार्च

चि. सोन्यास आईचे भरभरून आशीर्वाद. सूनबाईला आणि चिमणीलाही, चिमणीला दोन मुठी जास्त.

तू सुखरूप पोचलास हे सूनबाईनं फोनवर सांगितलं. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनानं घालते, त्यामुळे तुला सर्दी झालीय की सुट्टी संपलीय ते नीट कळलं नाही. म्हणून आपलं पत्रच बरं. पत्रात मध्येच उठून भाजी हलवून येता येतं आणि समोरच्याला हं हं करून फोन ठेवता येत नाही. चौथी अर्ध्यावर सोडलेल्या बाईचं अक्षर आहे, सांभाळून घे.

चार दिवस तू होतास तर घर नुसतं बोलत होतं. तू गेल्यावर मी तुझ्याच कपातून चहा घेतला आणि मग स्वतःलाच हसले. नळाचा वॉशर तू बसवलास तो अजून टिकून आहे, म्हणजे ऑफिसात बसून हात अगदीच वाया गेलेले नाहीत.

आता मुद्द्याचं. गुरुवारी सकाळी आठला शेजारचे सायरनभाऊ नेहमीसारखे माझी गाडी चालवायला आले. एकतीस वर्षं अँब्युलन्स चालवली म्हणून गल्लीतल्या तुम्हा पोरांनी त्यांना सायरनकाका केलंत, आता त्यांची बायकोसुद्धा तेच नाव घेते. माझ्या बहिणीचा, धाकटीचा, केस धुवायचा वार. तिला उठता येत नाही आणि लेक दिवसभर कामावर, तेव्हा तिचं डोकं माझ्याच हातानं धुतलं जातं. तर भाऊंनी गाडी मागं घेतली, बाहेर काढली आणि उतरून पुढं गेले. मग गाडीभोवती दोन चकरा मारल्या. मी जाऊन बघते तर डाव्या बाजूचा दिवा फुटलेला, बंपर लोंबतोय आणि मडगार्ड आत गेलेलं, जसं कुणी तोंडात मारल्यावर गाल जातो.

अरे लबाडा, बटाटे आणायला गाडी नेलीस तेव्हा ठोकलीस ना. म्हणूनच आल्यावर नाक भिंतीला लावून उभी केलीस आणि जेवणसुद्धा धड न करता रेल्वे पकडायला पळालास. मी रागावले नाही, उलट हसू आलं. लहानपणी बरणी फोडून तुकडे उशीखाली ठेवायचास, तोच तू. तीस वर्षं लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून घेतलेली गाडी आहे, आधी दंतवैद्याची होती, त्याच्याआधी देव जाणे कुणाची. माझ्या बाजूचं दार बाहेरूनच उघडतं, काचेची मूठ हातात येते आणि डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजतो. तिला आणखी एक पोचा जड नाही. मिस्त्रीला दाखवीन.

दुसरी आनंदाची बातमी म्हणजे भाऊंना त्यांच्या जुन्या हॉस्पिटलानं बोलावलंय, नवीन ड्रायव्हरांना शिकवायला. आठवड्यातून दोन दिवस. त्यांच्या हातून आजवर एकही अपघात नाही म्हणून बोलावलं. पुढच्या महिन्यात कागदपत्रं बघून नक्की करणार. वहिनींनी त्यांचा कोट उन्हात टाकलाय आणि येणाऱ्या जाणाऱ्याला तो कोट कशासाठी टाकलाय ते सांगतायत.

माझ्यावरची माया आहे तेवढीच राहू दे, आणि गाडी कशी ठोकलीस ते खरंखरं लिही, मला ऐकायची हौस आहे.

तुझी आई

ता. ११ मार्च

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. हो, बाजाराच्या पार्किंगमध्ये खांबाला घासली. तिथं जागाच तेवढी अरुंद आहे. मी सांगणारच होतो पण रेल्वेची वेळ झाली होती.

मिस्त्रीला हात लावू देऊ नकोस. पत्रा ठोकून घेतला तर विम्याचे पैसे मिळायचे नाहीत. आपण विमा भरतो तो कशासाठी? मी क्लेमचा फॉर्म भरून सोबत पाठवत आहे. गाडी तुझ्या नावावर, तेव्हा सही तुझीच लागेल. जिथं पेन्सिलनं फुल्या मारल्यात तिथं तीन सह्या कर आणि उलट टपाली पाठव. बाकी काही लिहायचं किंवा बघायचं नाही, सगळं भरलेलं आहे.

आणि आई, हे दुरुस्त झालं की गाडी विकून टाकू. ही गाडी अठरा वर्षांची झालीय. पुढच्या वर्षी कंपनी पूर्ण विमा देणार नाही म्हणते. खाली सगळा गंज आहे. एक दिवस तू धाकट्या मावशीकडे जाताना रस्त्यात बसकण मारेल, आणि मग मला ऑफिसातून धावत यावं लागेल. मावशीकडे जायचं काहीतरी बघू.

चिमणीची परीक्षा चालू आहे. सर्दी मला नव्हे, तिला झाली होती.

तुझा लोभ कमी होऊ देऊ नकोस. सह्या विसरू नकोस.

तुझा सोन्या

ता. १६ मार्च

चि. मुलास आशीर्वाद.

आज सोन्या लिहायला हात उचलला नाही.

तुझा फॉर्म सोमवारी आला. तुला माहीत आहे, हातानं लिहिलेलं मी वाचते, पण छापील सरकारी भाषा वाचायला मला सायरनभाऊंचा चष्मा लागतो आणि चष्म्याबरोबर तेही लागतात. लाइटबिल, घरपट्टी, डॉक्टरचे रिपोर्ट, सगळं तेच वाचून दाखवतात, आज अकरा वर्षं. तू हे विसरलास की काय? की तुला वाटलं, म्हातारी न वाचता तीन फुल्यांवर सह्या ठोकून मोकळी होईल?

मी बटाटे सोलत होते. ते खिडकीजवळच्या स्टुलावर बसले आणि नेहमीसारखं वाचायला लागले. मालकाचं नाव, माझं. गाडीचा नंबर. तारीख. ठिकाण, बाजाराचं पार्किंग. मग एक रकाना आला, अपघाताच्या वेळी गाडी कोण चालवत होतं. तिथं ते क्षणभर थांबले. मला वाटलं अक्षर लागत नाही. मग त्यांनी स्वतःचंच नाव वाचलं. वडिलांच्या नावासकट, पूर्ण. मग लायसन्सचा नंबर. मग खाली तू लिहिलंयस तेही वाचलं, की चालकाचं लक्ष नसल्यामुळे गाडी खांबावर आदळली. आवाज जरासुद्धा हलला नाही, लाइटबिल वाचतात तसंच वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत.

माझ्या हातातला बटाटा तसाच हातात. त्यांनी चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला, फॉर्मची घडी घातली आणि म्हणाले की भरला नीट आहे, फक्त सह्या राहिल्यात. मग उठले आणि घरी गेले. चहा ठेवला होता तो तसाच राहिला.

त्यांच्या लायसन्सची झेरॉक्स गाडीच्या पुढच्या खणात असते. ती मी तिथं ठेवली होती, पोलिसानं अडवलं तर असावी म्हणून. आता नाही. म्हणजे तू ती आधीच काढून नेलीस. खांबाला धडकलास, घरी आलास, खणातून कागद काढून खिशात घातलास, मग माझ्या पाया पडलास. मी तुला आशीर्वाद दिला आणि वाटेसाठी दोन सँडविच बांधून दिली. हे आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

हॉस्पिटलचे लोक कागदपत्रं बघणार आहेत हे मी तुला लिहिलं होतं. बहुतेक तोवर तुझा फॉर्म भरून झाला असेल असं मी स्वतःला सांगते. पण पत्र मिळाल्यावर तरी फाडायचास की नाही?

सह्या करणार नाही. फॉर्म पिठाच्या डब्याखाली ठेवलाय. तू मला आधी हे सांग की गाडी तू चालवत होतास हे लिहायला तुला काय झालं होतं.

मायेला मी कधी मोजमाप लावलं नाही, तूही लावू नकोस, पण उत्तर दे.

आई

ता. २१ मार्च

ती. आईस सा. न. वि. वि.

तू एवढ्याशा गोष्टीचं काय करून ठेवलंस.

ऐक. माझं लायसन्स नोव्हेंबरात संपलं. ऑफिसच्या धबडग्यात नवीन करायचं राहिलं. मी चालवत होतो असं लिहिलं असतं तर क्लेम नाकारलाच असता, वर दंड. तू चालवत नाहीस. मग उरलं कोण? रोज गाडी चालवतात ते काका. कुणालाही तेच खरं वाटणार. विमा कंपनीच्या कपाटात एक कागद पडून राहिला असता, कोण बघायला जातंय? हॉस्पिटलवाले विमा कंपनीची कपाटं उघडत बसत नाहीत. काकांच्या पेन्शनीला, तब्येतीला, कशाला धक्का लागणार होता?

पाच वर्षं त्या खटाऱ्याच्या विम्याचे हप्ते मी भरतोय. गेल्या वर्षी क्लच, त्याआधी रेडिएटर, तेही मीच. याचे पैसे एकदा तरी वसूल व्हावेत असं मला वाटलं तर मी चोर ठरलो. काका शेजारी आहेत, चांगले आहेत, मान्य. पण मी मुलगा आहे. तू कुणाच्या बाजूनं उभी आहेस याचा जरा विचार कर. आणि माझी पत्रंही त्यांच्याकडूनच वाचून घेतेस का?

कंपनीला मी फोनवर त्या दिवशीच कळवलं होतं, त्यात काकांचंच नाव सांगितलंय. त्यामुळे आता सर्व्हेअर घरी येईल. गाडी बघेल, फोटो काढेल, दोन प्रश्न विचारेल. मी काकांनाही फोन करून सांगितलंय की फक्त हो म्हणा. तू त्याला चहा दे आणि गप्प बस. एवढंच मागतो.

माझ्याबद्दलचा राग जाईल तेव्हा जाईल, माया जाऊ देऊ नकोस.

तुझा मुलगा

ता. २९ मार्च

चि. मुलास आशीर्वाद.

चहा दिला.

आता गप्प बसण्याचं सांगते. सर्व्हेअर शुक्रवारी अकराला आला. बिचारा घामाघूम, एका हातात फाइल, दुसऱ्या हातात हेल्मेट, पायात नवा बूट चावत असावा कारण उंबऱ्यापाशी टाच काढून उभा राहिला. स्वभावानं बरा वाटला. गाडीचे फोटो काढले, वाकून खालचा गंज बघितला, माझ्या बाजूचं दार उघडायला गेला तर उघडेना, मी बाहेरून उघडून दाखवलं. त्याला हसू आलं. मलाही आलं. म्हटलं, चला, माणूस हसरा आहे.

मग त्यानं फाइल उघडून विचारलं की चालक कुठे आहेत. मी तोंड उघडायच्या आधीच सायरनभाऊ फाटकातून आत आले. दोन गुरुवार आले नव्हते, वहिनी निरोप पाठवत होत्या की गुडघा दुखतोय. त्या दिवशी गुडघा दुखत नव्हता. उन्हात टाकलेला तोच कोट घालून आले होते. लायसन्स काढून सर्व्हेअरच्या हातात दिलं आणि म्हणाले की हो, मीच चालवत होतो, माझं लक्ष नव्हतं.

बाळा, त्या माणसानं आयुष्यात गाडीत झोपलेल्या पेशंटला धक्का बसू दिला नाही. रस्त्यातला खड्डा त्यांना आडवा येत नसे, ते खड्ड्याला चुकवून जायचे. तुझ्या वडिलांना शेवटचं हॉस्पिटलात नेलं तेव्हा तेच चालवत होते, आणि वडिलांनी मला सांगितलं होतं की गाडी चाललीय की उभी आहे तेच कळत नाही. असा माणूस माझ्या दारात उभा राहून परक्या पोराला सांगतोय की माझं लक्ष नव्हतं. तुझ्यासाठी. तू फोन केलास म्हणून.

मी चादरींच्या घड्या घालत होते, ती चादर खाली टाकली. सर्व्हेअरला म्हटलं की हा माणूस खोटं बोलतोय आणि त्याला खोटं बोलायची सवय नाही म्हणून वाईट बोलतोय, नीट बघा त्याच्याकडे. गाडी माझ्या मुलानं ठोकली. लायसन्स आहे का विचारलंत तर ते त्याचं त्यालाच विचारा, मी फक्त गाडीची मालकीण आहे.

सर्व्हेअर माझ्याकडे बघतो, भाऊंकडे बघतो. भाऊ जमिनीकडे. शेवटी त्यानं पेनाचं टोपण लावलं, पाणी मागितलं, सगळा ग्लास पिऊन म्हणाला की आजी, मला इथं फक्त गंज दिसला, मालकिणीला क्लेम करायचा नाही असं लिहितो, चालेल ना. मी म्हटलं चालेल. देव त्या पोराचं भलं करो आणि त्याचे बूट सैल होवोत.

तो गेल्यावर भाऊ माझ्यावर उखडले. अकरा वर्षांत कधी आवाज चढवला नव्हता. म्हणाले की वहिनी, मी खांद्यावर घेतलं होतं, तुम्ही का मध्ये पडलात, परक्यासमोर पोटच्या पोराची लाज काढलीत. मीही भडकले. म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं होतं माझ्या पोराला वाचवायला, तो पाच वर्षांचा आहे का? ते म्हणाले की ज्या सीटवर बसून माझ्या नावाला हा बट्टा लागला त्या सीटवर मी परत बसायचा नाही. आणि गेले.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुझी पत्रं मी स्वतः वाचते, एकेक अक्षर लावून, म्हणून एका पत्राला मला अख्खी दुपार लागते. आणि कुणाच्या बाजूनं उभी आहे म्हणतोस, तर मी माझ्या दारात उभी होते. तिथून जे दिसलं ते सांगितलं.

धाकटीचे केस तीन आठवडे धुतले गेले नाहीत. लोभ कुठल्या तोंडानं मागू, तूच सांग.

आई

ता. ३ एप्रिल

ती. आईस नमस्कार.

कंपनीचा फोन आला. क्लेम बंद झाला. दुरुस्ती आता आपल्याच अंगावर, आणि तशी गाडी कुणी घेणार नाही. तू एका अनोळखी माणसाला सांगितलंस की माझा मुलगा खोटारडा आहे. मी घरी बायकोला काय सांगू? तिला लायसन्सचंही माहीत नव्हतं, आता सगळं कळलं. दोन दिवस बोलत नाहीये.

तुला समाधान मिळालं असेल तर बरं. गाडीचं तुला हवं ते कर, विक, ठेव, मला विचारू नकोस.

प्रकृतीला जप.

मुलगा

ता. ८ एप्रिल

चि. मुलास आशीर्वाद.

समाधान कसलं? समाधान मिळालं असतं तर मी तीन दिवस भांडी आपटत बसले नसते. शेजारच्या मांजरानं माझ्या अंगणात यायचं सोडलंय.

खोटारडा हा शब्द मी वापरलेला नाही, तो तुझा तू घेतलास. मी गाडी कुणी ठोकली एवढंच सांगितलं.

तू घाबरलास हे मला समजतं. मीही घाबरट आहे, लाँड्रीत एका गिऱ्हाइकाचा शर्ट जळला तेव्हा मी दोन दिवस दुकान उघडलं नव्हतं. पण तिसऱ्या दिवशी उघडलं आणि शर्ट त्याच्या हातात दिला. तू घाबरून दुसऱ्या माणसाला पुढं ढकललंस आणि स्वतः त्याच्यामागे उभा राहिलास. तेही कुणाला, तर ज्याच्याकडे आजवर झाकायला काही नव्हतं त्याला. याचा मला राग आहे. हप्ते कुणी भरले, क्लच कुणी बदलला, त्याचा इथं काय संबंध? त्याबद्दल तुझे उपकार आहेतच, ते मी नाकारत नाही.

आता नीट वाच. गाडी मी विकतेय, कारण ती चालवणारा उरला नाही. ते माझं मी बघेन. तुझ्याकडे एकच काम आहे. तू भाऊंना लिही. मला नको, त्यांना. त्यांना लिहीपर्यंत मला काही लिहू नकोस, कारण मी उत्तर देणार नाही, आणि पत्र आलं की मला अख्खी दुपार लागते.

आशीर्वाद आहेत ते आहेतच, ते काही मी परत घेऊ शकत नाही.

आई

ता. १७ एप्रिल

ती. आईस शि. सा. न.

काकांना काल पत्र टाकलं. विमा कंपनीलाही लेखी कळवलं की गाडी मी चालवत होतो, लायसन्स संपलेलं होतं आणि चालकाचं नाव मी खोटं दिलं होतं. त्याची एक प्रत काकांच्या पाकिटात घातलीय, हॉस्पिटलला दाखवायची वेळ आली तर असावी म्हणून. कंपनीनं माझं नाव कुठल्याशा यादीत टाकलंय, पुढच्या वेळी विमा घेताना त्रास होईल. होऊ दे. नवीन लायसन्ससाठी अर्जही केलाय.

मी अजून रागावलेलो आहे, हे सांगून टाकतो. तुझ्यावर आणि कुणाकुणावर. पण तू विचारलं होतंस की खरं लिहायला काय झालं होतं, ते लिहितो. पार्किंगमध्ये एक बाई बाबागाडी ढकलत माझ्या पुढून गेली. ती दिसायला मला उशीर झाला. मी चाक वळवलं आणि खांबावर गेलो. बाई मागं वळूनसुद्धा न बघता निघून गेली, तिला काही कळलंच नाही. मी गाडीत पंधरा मिनिटं बसून होतो. कुणाला सांगायचं म्हटलं की ती बाबागाडी डोळ्यांपुढं यायची. आणि मग वाटलं, हे माझ्या हातून झालंच नाही असं करता आलं तर? पहिलं नाव काकांचंच आलं. ज्याच्यावर कधीच डाग नाही त्याच्यावर एक पडला तर कुणाला दिसणार, असं वाटलं. आता लिहिताना त्याचा अर्थ मला कळतोय. तेव्हा कळला नव्हता असं म्हणणार होतो, पण थोडा कळला होता.

झेरॉक्स परत पाठवतोय.

सूनबाई बोलायला लागली, पण मोजकंच. चिमणी विचारते की आजी पत्र का लिहीत नाही.

तुझ्या मनात आमच्यासाठी जागा राहू दे.

तुझा मुलगा

ता. २८ एप्रिल

चि. मुलास आशीर्वाद. सूनबाईला म्हणावं बोलत जा, न बोलल्यानं डोकं दुखतं, मी करून बघितलंय. चिमणीला पापी.

गाडी सोमवारी गेली. तीन गिऱ्हाइकं आली. पहिल्यानं बंपर बघून नाक मुरडलं, दुसऱ्यानं मला फसवायला बघितलं, तिसरा प्लंबर निघाला. त्याला मी सगळं सांगितलं, दाराचं, काचेचं, डाव्या वळणाला वाजणाऱ्या हॉर्नचं, खालच्या गंजाचं. मिस्त्री शेजारी उभा राहून कपाळाला हात लावत होता, म्हणे आजी, गाडी विकताय की तिची दुखणी सांगताय. पण प्लंबरला गंमत वाटली. त्याला मागची सीट काढून लांब नळ घालायचेत, दिसायला कशी आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. आरसी बुकावर सह्या केल्या, तीन. या वेळी प्रत्येक ओळ मी मिस्त्रीकडून वाचून घेतली, दोनदा.

त्यानं विचारलं की पुढून कुणी ठोकली. मी म्हटलं माझ्या मुलानं. तो म्हणाला, त्याला लागलं नाही ना.

मुला, मी तिथल्या तिथं खाली बसले. दीड महिना तुला पत्रं लिहितेय, पानंच्या पानं भांडतेय, आणि तुला लागलं का हे एकदाही विचारलं नाही. पहिल्या पत्रात तर मी हसले. प्लंबरला वाटलं गाडी जातेय म्हणून मला भरून आलं. त्यानं मला पाणी आणून दिलं, माझ्याच माठातलं.

आता सायरनभाऊंचं. तुझं पाकीट त्यांना गेल्या आठवड्यात मिळालं. वहिनींनी सांगितलं की फाटकातच उभ्यानं वाचलं आणि खिशात घातलं. मला काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. आणि या गुरुवारी सकाळी बरोबर आठला दारात हजर. दाढी केलेली, शर्ट कडक. मी म्हटलं भाऊ, गाडी तर सोमवारीच विकली. त्यांनी अंगणात जिथं तेलाचा डाग पडलाय तिथं बघितलं. मग विचारलं की बस किती वाजता आहे.

दोन बसा बदलाव्या लागतात. पहिल्या बसमध्ये ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि सबंध रस्ताभर त्याचे गिअर मोजत होते. क्लचवर पाय ठेवून चालवतोय, म्हणाले, हा वर्षभरात गाडी खाणार. दुसऱ्या बसच्या ड्रायव्हरला तर उतरताना शिकवूनच आले. तो चिडला. मी लाजले आणि मनातून इतकी खूश झाले की सांगता सोय नाही. हॉस्पिटलचं काम त्यांना मिळालंय, मंगळवारी आणि शनिवारी, तेव्हा आता शिकवायला हक्काची माणसं मिळतील, बसवाल्यांची सुटका होईल.

धाकटीचे केस धुतले. सात आठवड्यांचे केस, तीन पाण्यांतून काढले तेव्हा कंगवा फिरला. ते बाहेर ओट्यावर बसून राहिले. ती विचारत होती की गाडी का नाही आणली. मी म्हटलं विकली, म्हातारी झाली होती.

येताना बसस्टॉपवर उभे होतो तेव्हा ते आपणहून बोलले. म्हणाले की तुमच्या मुलानं चार पानं लिहिलीत. पहिली तीन त्याच्या स्वतःबद्दल आहेत, लायसन्स कसं संपलं, ऑफिसात किती काम असतं, पार्किंग किती अरुंद आहे. चौथं ठीक आहे.

एवढंच. चौथ्या पानावर काय आहे ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचा हक्क नाही, ते त्यांचं पत्र आहे. पण घरी येऊन मी तुझी सगळी पत्रं काढून बसले, दोन दुपारी गेल्या. मला आलेली सगळी पहिली तीन पानंच आहेत.

तेव्हा बाबा, माझा राग अजून आहे, तो धरूनच लिहितेय, आणि आशीर्वादही त्यातूनच देतेय. लागलं होतं का ते आधी लिही. मग थेट चौथं पान लिही.

वाट बघणारी,
आई